भाकरीच्या ओळीनंतर

सगळ्यांचं आमेन म्हणून झालं होतं आणि तिचं अजून चाललंच होतं. आपला आवाज असा एकटा, उघडा, पत्र्याच्या छताला लागून परत खाली येताना तिनं जन्मात ऐकला नव्हता. तिनं डोळे उघडले. पुढच्या रांगेतला एक माणूस अर्धवट मागं वळला होता, आणि म्हातारी आपल्याकडंच बघतेय म्हटल्यावर तो सभ्यपणे परत पुढं वळला. तो वळला त्याचं तिला काही वाटलं नाही. तो सभ्यपणे परत वळला, ते लागलं. उरलेली दीड ओळ तिनं ओंजळीत संपवली, शिंक दाबावी तशी, आणि खाली बसली. प्लास्टिकची खुर्ची कुरकुरली. पाळकांनी गीताचा क्रमांक सांगितला, पुस्तकांची पानं सळसळली, कोपऱ्यात पेटी वाजवणाऱ्या मास्तरांनी सूर धरला आणि सगळं पुढं निघून गेलं. तिच्या कानाच्या पाळ्या मात्र तापलेल्याच राहिल्या. वय झालं की लाज कमी होईल असं तिला तरुणपणी वाटायचं. लाज तेवढीच राहिली होती, ती लपवायला लागते ती चपळाई तेवढी गेली होती.

हॉल होता गॅरेजांच्या रांगेमागं. आठवडाभर तिथं मोटारींचे टायर निघत आणि बसत, आणि रविवारी शटरं खाली असली तरी रबराचा नि वंगणाचा वास भिंतींतून आत झिरपत असे. वासाचं तिला वावडं नव्हतं. सगळी नोकरी तिनं एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली होती, तळघरात, वाफेत, चादरींच्या ढिगांत. ज्यांचे चेहरे कधी बघितले नाहीत अशा माणसांचा घाम, ताप, रक्त तिच्या हाताखालून गेलं होतं आणि पांढरं होऊन वरच्या मजल्यांवर परत गेलं होतं. त्यामुळं देवाच्या घराला फुलांचाच वास यायला हवा असा काही तिचा हट्ट नव्हता. हट्ट वेगळाच होता, आणि आपला असा काही हट्ट आहे हे या शहरात येईपर्यंत तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. मुलाकडं राहायला आल्यापासूनचं हे तिसरं चर्च. पहिलं एवढं मोठं, की आत शिरताना तिला विमानतळावर आल्यासारखं वाटलं. गुबगुबीत खुर्च्या, रंगीत दिवे, आणि समोरच्या पडद्यावर प्रार्थनेच्या ओळी खालून वर सरकत होत्या, पाठीमागं ड्रम वाजत होता. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. दुसरं दगडी, उंच, थंडगार. तिथले लोक प्रार्थना कोटाच्या कॉलरमध्ये पुटपुटत, जणू शेजाऱ्याला ऐकू गेली तर तो उसनी मागून नेईल. निघताना दारातल्या माणसानं तिचा हात हातात घेतला आणि तिच्या डोक्यावरून मागच्या माणसाकडं बघून हसला. त्या दोन्ही ठिकाणी ती मागंच पडत होती, पण ते कुणाला कळलं नाही आणि तिलाही धड उमगलं नाही. नुसतं चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं, घरून निघताना काहीतरी विसरावं आणि काय विसरलो ते आठवू नये तसं. इथं माणसं थोडी, छत खाली आणि सगळे मोकळ्या गळ्यानं म्हणणारे. इथं ते उघडं पडलं.

ती थांबत होती, एवढीच गोष्ट होती. प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची ओळ संपली की तिच्या जुन्या चर्चमध्ये सगळे थांबायचे. ती लहान असताना तिथं एक पाळक होते. दमेकरी. अंगानं काडी, आवाज मात्र घंटेसारखा, फक्त तो त्यांना पुरवून पुरवून वापरावा लागे. प्रार्थना ते एका दमात सुरू करत आणि भाकरीपर्यंत आले की दम संपे. मग पुढ्यातला लाकडी कठडा धरून ते उभे राहत. छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येई, खांदे वर जात, वरच राहत, सावकाश खाली येत. सगळी मंडळी डोळे मिटून वाट बघे. कुणी खोकत नसे. आपण खोकलो तर त्यांच्या वाटणीची हवा आपण खाऊ, असं मुलांना वाटायचं. खांदे खाली आले की ते पुढची, क्षमेची ओळ उचलत आणि त्यांच्यामागून सगळे. पुढं ते पाळक वारले. त्यांच्या जागी एक तरुण, धडधाकट पाळक आले. पहिल्याच रविवारी ते भाकरीवरून सरळ क्षमेकडं निघाले आणि निम्म्या ओळीत त्यांच्या ध्यानात आलं की आपल्यामागं कुणीच नाही. मंडळी भाकरीपाशीच उभी होती. बिचारे मुकाट्यानं परत आले. तेव्हापासून जो नवा पाळक येई त्याच्या कानात कुणीतरी आधीच सांगून ठेवी. पुढं मुलं मोठी झाली, त्यांची मुलं आली, त्यांनी काही दमेकरी पाळकांना पाहिलं नव्हतं, तरी तीही आपली थांबत होती. का थांबता म्हणून कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, तिथं थांबायचंच असतं.

आणि त्या थांबण्यात रिकामं असं काही नसे. लहानपणी ती त्यात घरातली भाकरी बघायची, म्हणजे आज आहे का, आणि असली तर थोरल्या भावाच्या तडाख्यातून आपल्यापर्यंत येईल का. पुढं लग्न झालं, मुलगा झाला, तेव्हा त्या थांबण्यात ती सगळ्यांची ताटं मांडायची आणि कुणाचं राहिलं तर नाही ना बघायची. लाँड्रीत कुणाचा नवरा अंथरुणाला खिळला असला की त्याचंही एक ताट. तिचा स्वतःचा नवरा शेजारी उभा असे. तो लेथवर काम करायचा, आणि चाळिशीतच लेथनं त्याचे कान खाल्ले होते. हे कोणाला म्हणून कळू द्यायचं नाही अशी त्याची जिद्द. एरवी तो ओठ बघून भागवायचा, पण प्रार्थनेला डोळे मिटायचे असतात, मग ओठ बघणार कसे? त्यानं आपली एक युक्ती काढली होती. आपलं कोपर तो तिच्या कोपराला टेकवून उभा राही. भाकरीपर्यंत अंदाजानं म्हणत जाई, थांबे, आणि मग तिनं पुढची ओळ उचलली की तिचा आवाज हाडातून हाडात येतो असं म्हणे. खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक. पण म्हणून ती तेवढी ओळ जरा जोरात, अंगातून उचलायची. शेजारच्या बाया चेष्टा करायच्या, हिला बाई क्षमेची फार घाई, करते तरी काय आठवडाभर. ती हसायची, खरं कारण सांगायची नाही. आणि तिच्यामागून, अर्ध्या अक्षरानं उशिरा, त्याचा सपाट, बेसूर, बहिऱ्या माणसाचा आवाज यायचा. तो गेल्यावरही ती ती ओळ जोरातच उचलत राहिली. कोपर जरा बाहेर काढून उभी राहायची. इतर दिवशी त्याची आठवण यायची तशी यायची, जायची तशी जायची, घरातलं माणूस या खोलीतून त्या खोलीत जातं तशी. रविवारी मात्र तो कुठं भेटणार ते ठरलेलं होतं.

गीत झालं, आशीर्वाद झाला, लोक उठून मागच्या टेबलावरच्या चहाकडं निघाले, तशी ती अंग चोरून कडेकडेनं दाराबाहेर सटकली. मुलगा गाडी घेऊन यायला अजून अवकाश होता. एका गॅरेजच्या शटरला टेकून ती उभी राहिली आणि हे चर्चही बाद, असं मनाशी म्हणून टाकलं. म्हणून टाकल्यावर जरा बरंही वाटलं.

“ताई, शाल विसरलात. आणि चहासुद्धा.”

वळून बघते तो ठेंगणी, रुंद, साठीच्या पुढची एक बाई तिची शाल घेऊन उभी. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा. हॉल उघडायचं आणि बंद करायचं काम तिच्याकडं होतं, म्हणून सगळे तिला चावीवाली म्हणत. हे तिनंच सांगितलं, आणि त्याच दमात आपल्या गुडघ्यांचं, जावयाचं नि हॉलच्या गळक्या नळाचंही सांगून घेतलं.

“चहा नको. मुलगा येतोय न्यायला.”

“येऊ दे की. मुलगा आहे, थांबेल. तुमचे हात रिकामे आहेत ना? मग चला आत. मेजावरच्या कापडाची घडी घालायचीय. एकटीनं घातली की जमिनीवर लोळतं ते. आणि बाकीचे बघा, सगळे बिस्किटांवर तुटून पडलेत. आमच्या मंडळीची भक्ती चांगली आहे हो, पण बिस्किटांपुढं टिकत नाही.”

हात रिकामे आहेत का असं तिला कितीतरी महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. मुलाच्या घरी सगळे तिच्या हातातून काही ना काही काढूनच घेत. ती आत गेली. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड, लांबलचक, जड. तिनं दोन कोपरे धरले, समोर चावीवालीनं दोन. आणि हातांनी आपलं आपण काम सुरू केलं. लाँड्रीत यंत्रांच्या घरघरीत बोलणं ऐकू यायचं नाही. चादरीच्या त्या टोकाला जी बाई असेल तिच्याशी सगळं बोलणं कापडातूनच. आधी झटका, मग ताण, मग थांबायचं. समोरचीच्या मुठीत ताण पोहोचला की तो परत आपल्या मुठीत येतो, तोवर पाऊल उचलायचं नाही. घाई करणारी बाई असली की घडी तिरकी जाते. चावीवालीनं पहिल्यांदा घाई केलीच. ताण सोडून दोन पावलं पुढं आली, हिचे हात जागचे हलले नाहीत, कापड मध्ये लोंबलं. चावीवालीनं हिच्याकडं बघितलं, परत मागं गेली, आणि या वेळी थांबली. मग दोघी चालत एकमेकींपर्यंत आल्या, कोपऱ्याला कोपरा लागला.

“अगं बाई,” चावीवाली म्हणाली, “ही सुरी लावून कापल्यासारखी घडी झाली. तुम्ही हे आधी केलंय.”

“थोडंफार.”

“थोडंफार म्हणे. आता पुढच्या रविवारी मी दुसऱ्या कुणाच्या हातात कापड देणार नाही, सांगून ठेवते.”

रात्रीच्या जेवणाला मुलानं विचारलं, “मग? कसं होतं?”

“ठीक होतं.”

“म्हणजे नाही.”

“छत खाली आहे.”

“आई, आम्ही हे घर घेताना छत बघितलं नव्हतं. तुझं चर्च बघणं म्हणजे लग्नाला मुलगी बघण्यासारखं चाललंय.”

सून एका दातांच्या डॉक्टरकडं काम करायची. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगून ती घरी तशी कमीच बोले. ती म्हणाली, “मला तर आईंनी एका कप चहात पसंत केलं होतं.”

“तेव्हा दुसरी येत कोण होती याच्याकडं?” सासू म्हणाली, आणि तिघंही हसले. पण हसता हसता मुलाची नजर तिच्या खोलीच्या दाराकडं गेली, ते तिनं पाहिलं. खोलीत पलंगाखाली तिची एक बॅग अजून बांधलेलीच होती. येतानाच ती म्हणाली होती, थंडी संपेपर्यंत राहून बघते, रमले तर रमले, नाही तर आपली परत जाईन. जुन्या शहरात धाकट्या नणंदेच्या घरी मागची खोली तिच्यासाठी ठेवलेली होती, आणि तिथून चर्च चालत जाण्याच्या अंतरावर. मुलगा यावर हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता. न्हाणीघरात त्यानं धरायला एक दांडा बसवून घेतला, पलंगाजवळ वाचायचा दिवा लावला, तिची उंची धरून कपाटाचा कप्पा खाली आणला. हे सगळं तो बॅगेशी भांडत असल्यासारखा करत होता आणि बॅगेबद्दल मात्र चकार शब्द काढत नव्हता. त्याला वाटे आईच्या लक्षात येत नाही. तिला ते दिसत होतं, त्याचं भरूनही येत होतं, आणि तरी तिला दर रविवारी वाटे की इथं राहायचं म्हणजे त्याला तिथं, त्या जागेपाशी, एकट्याला उभं ठेवायचं. त्याला म्हणजे नवऱ्याला. अशी गोष्ट जेवणाच्या टेबलावर सांगता येत नाही. छत खाली आहे एवढंच सांगता येतं.

पुढच्या रविवारी ती गेली ती कापडासाठी. आपण शब्द दिला नव्हता हे तिला माहीत होतं, पण कुणी आपल्यासाठी कापड अडवून ठेवलंय म्हटल्यावर घरी बसवेना. प्रार्थनेच्या वेळी तिनं आवाज अगदी खाली ठेवला. तरी भाकरीपाशी जीभ थबकलीच, आणि बाकीचे पुढं निघून गेले. पळत जाऊन त्यांना गाठायचं तर मधली ओळ गाळावी लागणार, आणि शिवणीतला टाका गाळायला तिचा हात धजला असता पण प्रार्थनेतली ओळ गाळायला जीभ धजेना. ती मागून मागून चालत राहिली, गर्दीत हात सुटलेल्या मुलासारखी, आणि सगळ्यांचं आमेन झाल्यावर ओठांतल्या ओठांत पोहोचली. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. हळूहळू माणसं ओळखीची झाली. पाळक तरुण होते, आठवडाभर शाळेची बस चालवत, आणि प्रवचनातही वळण आलं की जरा सावकाश घेत. मास्तरांची पेटी एका पट्टीवर अडखळायची. ती पट्टी आली की मास्तर ती गळ्यानं भरून काढत. तो सभ्यपणे वळणारा माणूस चष्मे विकायचा. एकदा त्यानं तिचा चष्मा काढून घेतला, खिशातल्या पेचकसानं त्याची सैल दांडी आवळली आणि परत तिच्या नाकावर ठेवला. आणि चावीवाली तिच्यासाठी आपल्या शेजारची खुर्ची पिशवी ठेवून धरू लागली. तिला हे सगळं आवडत होतं, हीच पंचाईत होती. चर्च वाईट असतं तर जाणं सोपं होतं.

“एक विचारू?” एकदा कापडाच्या त्या टोकावरून चावीवाली म्हणाली. “राग मानू नका. प्रार्थनेत तुम्ही मध्येच थांबता. भाकरीपाशी. मी शेजारी असते ना, ऐकते. मला आधी वाटलं श्वास लागतो.”

“श्वासच,” ती म्हणाली. “माझा नाही.”

आणि मग तिनं सांगितलं. दमेकरी पाळक, त्यांचे खांदे, एकटेच पुढं जाऊन परत आलेले ते दुसरे पाळक. कापड दोघींच्या मध्ये ताणलेलं होतं आणि चावीवाली, जी दोन मिनिटं गप्प राहू शकत नव्हती, ती ताण न सोडता ऐकत होती. कोपराबद्दल मात्र ती बोलली नाही. फक्त म्हणाली, “तिथं आमची माणसं असायची, त्या थांबण्यात. सगळ्यांची आपापली.”

“आणि किती वेळ थांबायचा तुम्ही?”

“ते असं सांगता येत नाही. खांदे खाली येईपर्यंत.”

चावीवालीनं मान हलवली. मग दोघी एकमेकींकडं चालत आल्या आणि घडी बसली.

त्याच आठवड्यात नणंदेचा फोन आला. “वहिनी, खोली झाडून ठेवलीय. थंडी सरत आली. कधी येतेस?”

“येईन. तुमच्याकडं कसं काय? रविवारी गर्दी असते?”

“कसली गर्दी. नवे पाळक आलेत ना, सांगितलं की तुला. माइक कानाला अडकवलेला असतो, चालता चालता बोलतात. आटपतात मात्र लवकर. माझ्या कमरेला बरं पडतं.”

“आणि भाकरीनंतर?”

“काय भाकरीनंतर?”

“थांबता ना?”

पलीकडं नणंदेनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मग म्हणाली, “नाही गं वहिनी. आता कुठं. पहिले काही रविवार आम्ही चार म्हाताऱ्या थांबलो. पण त्यांचा आवाज स्पीकरमधून येतो, तो आपला पुढं चालूच. स्पीकरला कोण थांबवणार? सुटली सवय. आत्ता तू विचारलंस तेव्हा माझ्या ध्यानात आलं बघ की सुटली.”

फोन ठेवून ती पलंगावर बसली. पायांच्या मागं, खाली, बॅग होती. इतके दिवस तिला वाटत होतं, ते थांबणं तिथं आहे आणि आपण त्याच्यापासून लांब आलो आहोत. आता कळलं की ते तिथंही नाही. आता ते जगात कुठंच नव्हतं, तिच्या बरगड्यांखेरीज. ते पाळक वारले त्याला किती वर्षं झाली, आणि तरी परवा परवापर्यंत एवढी माणसं रविवारी त्यांच्यासाठी थांबत होती. म्हणजे तोवर ते श्वास घेतच होते म्हणायचे. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. उलट एक विचित्र सुटका वाटली, जड चादर दोघींनी धरलेली असताना समोरचीनं हात काढून घ्यावेत आणि सगळं वजन एकदम आपल्या पायांवर येऊन पडावं, आणि मग ते खाली ठेवायला आपण मोकळे असावं, तशी. तिनं ठरवलं. ज्यांच्यात राहायचं त्यांच्यासारखं म्हणायचं. माणसं भली आहेत. एक बाई आपल्यासाठी पिशवी ठेवून खुर्ची धरते. एवढ्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे?

मग भांडी घासताना तिनं पाठांतर सुरू केलं. भाकरीची ओळ, आणि तिला चिकटूनच क्षमेची. जमेना. प्रत्येक वेळी मध्ये गळ्यातलं काहीतरी वर उचललं जाई आणि कोपर आपसूक बाहेर जाऊन नळाला लागे.

“आई, काही म्हणालात का?” सुनेनं बाहेरून विचारलं.

“नाही गं. पाठांतर करतेय.”

“आत्ता? कसलं?”

“लहानपणी चुकीचं शिकले होते, ते नीट करतेय.”

सून दारात आली. पुसायचं फडकं घेऊन मुकाट्यानं शेजारी उभी राहिली आणि एकेक भांडं हातात घेऊ लागली. भांड्यांच्या आवाजात ओळी म्हणता म्हणता शेवटी जमलं. एकदा जमलं, मग पुन्हा जमलं. आणि जमलं तेव्हा छातीत कळ आली, आपली बस सुटली आणि कुणीतरी थांब्यावरच राहिलं अशी. आता तू तुझं तू बघ, ती मनात नवऱ्याला म्हणाली, बऱ्यापैकी रागानं. मला इथं राहायचंय.

रविवारी हॉलमध्ये शिरली तेव्हा मास्तरांनी पेटीवरून मान वर करून तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. चष्मेवाला हसला. तिला वाटलं, आपल्या त्या पहिल्या फजितीचं अजून बोलतात वाटतं हे लोक. असू दे. आज बघतीलच. चावीवालीनं पिशवी उचलून खुर्ची मोकळी केली आणि नवल म्हणजे एक शब्दही न बोलता समोर बघत बसली. सगळं रोजच्यासारखं झालं. मग पाळक म्हणाले, प्रभूनं शिकवलेली प्रार्थना म्हणू या, आणि सगळे उभे राहिले. तिनं डोळे मिटले. रहदारीचा रस्ता ओलांडायच्या आधी माणूस पाय घट्ट करतो तसे पाय घट्ट केले. पहिल्या ओळी गेल्या. भाकरी आली. भाकरीवर ती थबकली नाही, जीभ आवळून धरली आणि सरळ क्षमेत शिरली, चांगली जोरात, कारण ती ओळ तिच्यातून दुसऱ्या तऱ्हेनं निघतच नसे.

तीन शब्द गेले आणि तिला कळलं की ती एकटीच आहे.

छताचा पत्रा तिचे तीन शब्द घेऊन परत आला. बाकी कुठंच काही नव्हतं. ती गप्प झाली. पहिली गोष्ट मनात आली ती अशी, की आपलं डोकं फिरलं. दुसरी अशी, की या लोकांच्यात आपण एकदा मागं राहून हसं करून घेतलं आणि आता पुढं जाऊन. तिनं डोळे उघडले. कुणी वळलं नव्हतं. सगळे आपापल्या जागी उभे, डोळे मिटलेले. पुढं पाळक मेजाची कड धरून उभे होते. शेजारी चावीवाली ओठ घट्ट मिटून उभी होती, गाल फुगलेले, पाण्याखाली बुडी मारल्यासारखे, आणि कमरेचा जुडगा बारीक किणकिणत होता, कारण ती दाबून धरलेल्या हसण्यानं आतून हलत होती. तेव्हा तिला उमगलं. एवढ्या किल्ल्या बाळगणाऱ्या या बाईला एक गोष्ट कुलपात ठेवता आली नव्हती. सगळी मंडळी भाकरीपाशी उभी होती. आणि पळून पुढं गेली होती ती स्वतःच, त्या तरुण, धडधाकट पाळकांसारखी.

ती परत भाकरीपाशी आली. हसू तिच्या पोटातून वर यायला लागलं, खांद्यांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. बाहेरून एक मोटार गेली. कुणाचं तरी पोट गुरगुरलं. वेळ झाला, बराच झाला. दमेकरी पाळकांनाही एवढा लागत नसे. हे लोक आता पुढं का जात नाहीत? तिनं पाळकांकडं बघितलं. ते डोळे मिटून उभेच होते, मान किंचित तिच्या बाजूला कललेली, वळणावर समोरून काही येतंय का याचा कानोसा घेतात तशी. आणि मग तिच्या अंगावर काटा आला. किती थांबायचं ते यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असलेलं माणूस इथं एकच होतं. ते सगळे तिची वाट बघत होते.

तिनं पुन्हा डोळे मिटले. आता घाई नव्हती. तिनं ताटं मांडली. मुलाचं, सुनेचं. नणंदेचं, तिच्या दुखऱ्या कमरेसकट. चावीवालीचं, आणि तिच्या जावयाचंही. चष्मेवाल्याचं, मास्तरांचं, पाळकांचं. कुणाचं राहिलं का बघितलं. तो होता. एवढा लांबचा पत्ता त्याला कुणी सांगितला कोण जाणे, पण होता, डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी. तिनं कोपर जरा बाहेर काढलं. ते कुणाच्यातरी कोपराला लागलं, गुबगुबीत, ऊबदार, आणि ते कोपर मागं सरलं नाही. तिचे खांदे वर गेले, जरा वेळ वरच राहिले, सावकाश खाली आले. मग तिनं ती ओळ उचलली, नेहमीसारखी, जरा जोरात, अंगातून. आणि तिच्यामागून, अर्ध्या अक्षरानं उशिरा, वेगवेगळ्या आवाजांत, थोडे बेसूर, सगळे आले.